डाव्या मुठीत

"हिला भाकरी म्हंत्यात?"

रुद्राक्काने ताटातली भाकरी दोन बोटांनी उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि ताटाबाहेर ठेवून दिली. भाकरी चांगली होती. टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेला, कडेला एक काळा डागही नाही. तिला ते दिसत होतं. तव्यापुढे उभ्या असलेल्या सुनेलाही दिसत असणार.

"दुसरी देतो, आत्ती," शांभवी म्हणाली. आणि खरंच तिने परातीत दुसरा उंडा घेतला.

इथंच सगळं बिघडलं होतं. ही पोरगी सून होऊन उचगावात आली त्याला अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत सासूने एक बोलावं आणि तिने दोन परत करू नयेत असा दिवस उगवला नव्हता. भाकरीला नाव ठेवलं की ती म्हणायची, "मग तुम्ही थापा की, हात काय हुपरीला पाठवल्यात?" रुद्राक्काला त्याचा राग यायचा, पण त्या रागाने तिची भाकरी चांगली पचायची. आता चार दिवस झाले, हिच्या तोंडाला कुलूप. व्हय आत्ती, आणतो आत्ती, बसा आत्ती. असं माणूस पावण्यांशी बोलतं. घरातल्या माणसाशी असं बोलायला लागलं तर त्या माणसाने काय समजायचं?

"बसवेश, तुझ्या बायकोला काय झालंय?"

समोर जेवत असलेल्या मुलाने मान वर केली नाही. चाळिशीचा बाप्या, पण घास तोंडात तसाच ठेवून तो ताटात बघत राहिला.

"काय न्हाय, अव्वा. तू जेव." त्याचा आवाज ओला होता. मग तो ताटावरून उठला आणि हात धुवायला म्हणून जो परसात गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

रुद्राक्का दुसरी भाकरी जेवली. त्या भाकरीला तिने नाव ठेवलं नाही. उपयोग नव्हता.

घरात पैंजणांचं काम होतं. हुपरीचा व्यापारी चांदी द्यायचा, बसवेश तार ओढायचा, कड्या वळायचा, आणि कड्यांना, घुंगरांना डाक द्यायचं काम बायकांचं. डाक म्हणजे चांदीला चांदी जोडणारा कण. ज्योतीखाली तो वितळून सांध्यात बसला पाहिजे, सांधा मात्र वितळता कामा नये. शांभवी ते गॅसच्या बंदुकीवर करायची. रुद्राक्का अजून दिवा आणि फुंकणी घेऊन बसायची. फुंकणीचं एक टोक ओठात, दुसरं दिव्याच्या ज्योतीत, आणि छातीतला वारा न तोडता सोडायचा, की ज्योत सुईसारखी बारीक होऊन हव्या त्या ठिकाणी टेकते.

"गॅसची ज्योत आंधळी असतीया," ती म्हणायची. "फुंकंच्या ज्योतीला डोळं असत्यात."

"ज्योतीला हाईत, पण तुमच्या डोळ्याला चष्मा लागलाय," शांभवी म्हणायची.

महिन्यामागे त्या फुंकेनेच दगा दिला. रुद्राक्काने नेहमीसारखा पोटापर्यंत वारा भरून घेतला, आणि डाव्या बरगडीखाली कुसळ टोचावं तसं काहीतरी टोचलं. ज्योत सांध्यावरून सरकली. घुंगरू वितळून थेंब झालं. चाळीस वर्षांत तिच्या हातून घुंगरू वितळलं नव्हतं. तिने तो थेंब पदराच्या गाठीत बांधला आणि कुणाला दाखवला नाही.

त्यानंतर ती अर्धा श्वास घ्यायला शिकली. अर्ध्यापर्यंत काही होत नव्हतं. त्याखाली गेलं की कुसळ. खोकला आला की कुसळ, जांभई आली की कुसळ. शेजारच्या विठाबाईने सांगितलं, उसण भरलीया, विटकर तापवून शेका. शेकलं. बाळासो, बसवेशचा मावसभाऊ, पूर्वी एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. तो म्हणाला गॅस हाय, हिंग खावा. हिंग खाल्ला. शेवटी शांभवीने एवढं तोंड सोडलं की त्या कटकटीला कंटाळून रुद्राक्का छातीचा फोटो काढायला गेली. आणि तो फोटो आल्यापासून हे गोड बोलणं सुरू झालं होतं.

म्हणजे फोटोत काहीतरी होतं.

दुपारी शांभवी माल घेऊन हुपरीला गेली तेव्हा रुद्राक्का उठली. कपाटामागे मोठं पिवळं पाकीट तिला दोन दिवसांमागेच दिसलं होतं. तिने आतली काळी फिल्म काढली आणि दारात उभी राहून आभाळाकडे धरली.

बरगड्या दिसल्या. धुरात ठेवलेल्या पिंजऱ्यासारख्या. आणि खाली एका बाजूला, बरगड्यांच्या वर, एक पांढराधोप गोळा. लिंबाएवढा.

तिला बाळासोचं कुजबुजणं आठवलं. चार दिवसांपूर्वी तो आणि बसवेश ह्याच दारात उभे होते, ती आली तसे गप्प झाले होते. "लिंबाएवढी..." एवढंच तिच्या कानावर पडलं होतं. बाजारातलं काही बोलत असतील असं तिला वाटलं होतं.

तिने फिल्म आणखी जवळ धरली. गोळ्याला दोन बाजूंना दोन कान होते. बारीक, गोल, दोरा ओवायला असतात तसे. आणि डाव्या कानापाशी एक टिपूस, जरा जास्त वितळून बाहेर आलेला.

तो टिपूस तिला माहीत होता. तो तिनेच दिला होता.

गळ्यातल्या दोऱ्याला हात घालून तिने ब्लाउजमधून चांदीची करडगी बाहेर काढली. आत तिचं इष्टलिंग होतं. लहानपणी स्वामींनी गळ्यात बांधलेलं, आंघोळीला नाही, बाळंतपणात नाही, कधी अंगावेगळं न झालेलं. वरची करडगी मात्र नवऱ्याच्या, शिवशरणच्या हातची. तो गेल्यानंतरच्या वर्षी तिचा एक कान तुटला, तेव्हा तिने स्वतः डाक दिला होता. डोळ्यांत पाणी होतं म्हणून एक टिपूस जास्त पडला.

फोटोच्या दिवशी तिथली बाई म्हणाली होती, "आजी, गळ्यातलं सगळं काढा, धातूचं काही ठेवू नका." रुद्राक्काने बोरमाळ काढून शांभवीच्या हातात दिली, आणि करडगी गाऊनच्या आत डाव्या काखेखाली बरगडीपाशी सरकवली. "काढलं का सगळं?" "व्हय." ती खोटं फार कमी वेळा बोलायची, आणि बोलायची तेव्हा पचायचं.

आता तेच खोटं लिंबाएवढी गाठ होऊन घरात बसलं होतं. पोरगा परसात जाऊन रडत होता. सून गोड बोलत होती. सगळे तिला घालवून बसले होते.

रुद्राक्काला हसू आलं. हसताना बरगडीत टोचलं, पण पूर्वीइतकं नाही. आठवडाभर दुखणं कमीच होत चाललं होतं. म्हणजे उसणच ती. विठाबाई शहाणी.

मग हसू थांबलं. हे सांगायचं कसं? सांगायचं तर खोटं बोलले हे कबूल करायचं. आणि तेही शांभवीपुढे. ती पुढची अकरा वर्षं ते उगाळत बसली असती. रुद्राक्काने फिल्म पाकिटात घातली, पाकीट जागेवर ठेवलं. उद्या कोल्हापूरला राजारामपुरीत छातीच्या डॉक्टरकडे नंबर लावलेला होता. दोन दिवस ती जायला नाही म्हणत होती. संध्याकाळी तिने आपणहून सांगितलं,

"येतो उद्या. किती वाजता निघायचं?"

डॉक्टरांनी सांगू दे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना सगळ्यांची तोंडं बघायची होती तिला.

डॉक्टर बाई तरुण होत्या. अनुजा नाव, दारावर लिहिलेलं बसवेशने वाचून दाखवलं. त्यांनी फिल्म उजेडाच्या चौकटीवर लावली, क्षणभर बघितली, मग वळून रुद्राक्काच्या गळ्याकडे बघितलं.

"आजी, हे तुमच्या गळ्यातलं आहे."

"व्हय," रुद्राक्का म्हणाली. आणि तिने मुलाकडे बघितलं.

"म्हंजे..." बसवेश खुर्चीत पुढे सरकला. "गाठ न्हाय?"

"गाठ कुणी सांगितली?"

बसवेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रुद्राक्काला अपेक्षा होती तेवढी मजा आली नाही. तिने सुनेकडे बघितलं. शांभवी फिल्मकडे बघत होती. तिच्या तोंडावर ना आश्चर्य, ना सुटका. ती कशाची तरी वाट बघत होती.

"चला तर मग," रुद्राक्का उठली. "उसण हुती, गेली. तुमचा येळ घेतला बाई, माफ करा."

"बसा, आजी. दुखायचं कुठं ते तर सांगा."

"आता न्हाय दुखत. म्हणजे थोडं. पंधरा दिसांमागं लई हुतं."

"खोल श्वास घेतला की?"

"व्हय."

"दाबल्यावर?"

"न्हाय."

"हाताकडे, जबड्याकडे जायचं? पायाला सूज? एकदम दम लागला कधी?"

"जिना चढला की लागतोय. वय झालं की."

"ताप?"

"न्हाय."

"संध्याकाळी अंग कोमट असतंय," शांभवी मागून म्हणाली. "तीन आठवडे झाले. सुका खोकला हाय. आणि ब्लाउज सैल पडत्यात. दोनदा आत घेतलं मी."

रुद्राक्काने वळून बघितलं. ब्लाउज आत घेतलेलं तिला माहीत नव्हतं. सैल झालेले परत नीट बसायला लागले, ते नवीन साबणाने आटले असतील असं वाटलं होतं.

डॉक्टरांनी तिला पाठमोरं बसवलं. "हृदयाची पट्टी आत्ता काढली ती ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण खोल श्वासाला छाती दुखते त्याची कारणं पुष्कळ असतात. स्नायू दुखावतो, बरगडीला मार लागतो, न्यूमोनिया असतो, कधी रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकते. दुखणं सगळ्यांचं सारखंच. आत बघितल्याशिवाय कळत नाही." आणि त्यांनी एका हाताचं बोट पाठीवर आडवं ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारली. उजवीकडे. वर, मधे, खाली. मग डावीकडे. वर, मधे.

खाली.

रुद्राक्काने तो आवाज ऐकला. डॉक्टरांच्या आधी ऐकला. आयुष्यभर तिने घुंगरं वाजवून बघितली होती, कुठलं पोकळ आणि कुठलं भरीव हे तिला कानावर घेताच कळायचं. उजवी बाजू पोकळ वाजत होती. डावी, खाली, भरीव वाजली.

"परत वाजवा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी परत वाजवलं.

"भरलंय की काय तिथं?"

"मलाही तसंच वाटतंय. पण फोटोत नेमकं तिथंच तुमचं हे आलंय. त्याच्या आड काही दिसत नाही. परत काढावा लागेल. हे काढून."

बसवेशचे हात तोंडावरून खाली आले.

"हे अंगावेगळं होत न्हाय," रुद्राक्का म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझी आई म्हणायची, हे काढलं की माणूस मेल्यात जमा. साठ वर्षं झाली. दुसरी काय तपासणी असंल ती करा. सुई टोचा, कापा. हे न्हाय."

"अव्वा, दहा मिंटांचा तर..." बसवेशने सुरुवात केली.

"तू गप."

डॉक्टर काही बोलणार होत्या. त्याआधी शांभवी उठली.

"अंगावेगळं कशाला करायचं?" तिचा आवाज चार दिवसांत पहिल्यांदा धारदार झाला होता. "रोज सकाळी पूजेला डाव्या तळहातावर घेतासा, तवा काय मरतासा? हातात अंग न्हाय काय? मुठीत धरा आणि फोटोला उभं ऱ्हावा. मागल्या खेपंला काखंत कोंबण्यापेक्षा मुठीत धरला असता तर..."

ती थांबली. ओठ दातांखाली घेतला.

रुद्राक्का तिच्याकडे बघत राहिली. मागल्या खेपंला काखंत. हे हिला कुणी सांगितलं?

तिने दोरा डोक्यावरून काढला, डाव्या मनगटाला दोन वेढे दिले, करडगी डाव्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटली.

"कुठं उभं ऱ्हायचं?" तिने डॉक्टरांना विचारलं.

आत यंत्र थंड होतं. छाती टेकवून उभी राहिल्यावर तिथल्या माणसाने तिला हात खाली सोडून कंबरेशी धरायला सांगितले. "आता पूर्ण श्वास घ्या. जेवढा जातोय तेवढा. आणि धरा." महिनाभर ती अर्ध्यावर थांबत आली होती. आज तिने थांबायचं नाही असं ठरवलं. फुंकणी ओठात असल्यासारखा तिने वारा ओढला, अर्ध्याच्या खाली, आणखी खाली. टोचलं. ओढत राहिली. डावीकडे कुठंतरी श्वास भिंतीला लागून थांबला. मुठीतली चांदी गरम झाली होती. "धरा," तो माणूस म्हणाला. तिने धरला.

ह्या फोटोत गोळा नव्हता. गोळ्याच्या जागी, डावीकडे खाली, पांढरा गढूळपणा होता, भांड्यात दूध चढावं तसा.

"फुप्फुसावर दोन पापुद्रे असतात," डॉक्टरांनी आपले दोन तळहात एकमेकांवर ठेवले आणि घासले. "त्यांना सूज आली की श्वासाबरोबर ते घासतात. तेव्हा दुखतं. तुमचं पंधरा दिवसांपूर्वी दुखत होतं ते हे." मग त्यांनी तळहात एकमेकांपासून दूर केले. "आणि मधे पाणी भरलं की घासायचे थांबतात. दुखणं कमी होतं. माणसाला वाटतं बरं झालं."

"आणि बरं झालेलं नसतंय," रुद्राक्का म्हणाली.

"नसतं. पाण्याचा नमुना काढून तपासू. क्षयाचं असण्याची शक्यता जास्त आहे. असलं तर सहा महिने गोळ्या, रोज, एकही न चुकवता. घाबरायचं नाही, बरं होतं. आणि एक सांगते, पाणी उतरायला लागलं की ते दोन पापुद्रे परत एकमेकांना लागतील. थोडं टोचेल. ते बरं होण्याचं टोचणं."

रुद्राक्काने दोरा परत गळ्यात घातला. सगळा रस्ता ती रिक्षातून बाहेर बघत होती.

पाठीतून सुईने पाणी काढलं, ते गवती चहासारखं पिवळं होतं. आठवड्याने तपासणीचा कागद आला, क्षयच निघाला. गोळ्या सुरू झाल्या, रिकाम्या पोटी, सकाळी. बाळासो येऊन म्हणाला, तरी मला शंका हुतीच. रुद्राक्काने त्याला हिंगाची डबी परत दिली. विठाबाई दारातूनच विचारपूस करू लागली तेव्हा रुद्राक्काने तिला आत बोलावून पाटावर बसवलं आणि पुरता अर्धा तास हलू दिलं नाही.

शांभवी मात्र राजारामपुरीतून आल्यापासून पुन्हा गोड झाली होती. घ्या आत्ती. बसा आत्ती.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. रुद्राक्का कामाच्या खोलीत बसली होती, दिवा न लावता, फुंकणी मांडीवर.

"घ्या, आत्ती."

रुद्राक्काने हात पुढे केला नाही.

"तुला म्हाईत हुतं."

शांभवीने तांब्या खाली ठेवला. "व्हय."

"कवाधरनं?"

"त्याच दिशी. फोटो काढणारी बाई बाहीर आली, म्हणाली आजींनी कायतरी अंगावर ठेवलंय, परत काढू. तुम्ही रिक्षात जाऊन बसला हुतासा. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, हाच द्या."

"मला बोलवायचं हुतंस."

"आला असतासा?"

रुद्राक्का नसती आली. लिंगाचं नाव काढलं असतं तर पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नसती, हे त्या दोघींनाही माहीत होतं.

"बाळासो गाठ म्हणाला, तवा तू बोलली न्हाईस."

"न्हाय बोललो. गाठ म्हटल्यावर हे मोठ्या डॉक्टरचा नंबर लावतील, म्हणून गप बसलो."

"माझ्या पोराला चार दिस रडीवलंस."

"रडंना का. तुम्हाला माती देताना रडण्यापरीस बरं." हे बोलून शांभवीने नजर खाली घातली, लगेच आवाज मऊ केला. "चुकलं असंल तर बोला, आत्ती."

"आणि हे? हे गोड बोलणं कशाला?"

"भांडलो असतो तर बोलून गेलो असतो. मला गप ऱ्हाऊन लबाडी जमतीया, भांडताना जमत न्हाय." ती थांबली. तांब्याच्या कडेवरून तिचं बोट फिरत राहिलं. "आणि मग खरंच निघालं. आता भांडायला भ्या वाटतंय."

रुद्राक्काने पदराची गाठ सोडली. वितळलेल्या घुंगराचा थेंब अजून तिथं होता. तो तिने शांभवीच्या तळहातावर ठेवला. शांभवीने तो फिरवून बघितला आणि तिला कळलं, कारण डाक देणाऱ्या बाईला असा थेंब सांगावा लागत नाही.

मग रुद्राक्काने फुंकणी ओठाला न लावताच एक श्वास घेतला. अर्ध्यावर गेला, अर्ध्याच्या खाली गेला. पूर्वी भिंत लागायची तिथून आणखी खाली. आणि तळाशी, कितीतरी दिवसांनी, कुसळ टोचलं.

तिने बरगडीवर हात ठेवला. शांभवी पुढे झाली.

"दुखलं काय?"

"दुखलं," रुद्राक्का म्हणाली आणि गोळ्यांसाठी हात पुढे केला. "आता ऐक. सहा म्हैनं ह्या गोळ्या तूच द्यायच्यास. आणि भांडत द्यायच्यास. गोड बोलून दिलीस तर एक गिळणार न्हाय."